तीन पॉइंट चार

२१ सप्टेंबर, आन्बानदेगी

सू-योन,

वर नुसतं नाव लिहिलंय ते चुकून नाही. चार वर्षं तुला 'ऑन्नी' म्हटलं, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. झोपेतून हलवून उठवलं तरी आधी तेच तोंडातून यायचं. आता म्हणणार नाही, 'तुम्ही'ही नाही. तू नऊ वर्षांनी मोठी आहेस, अस. वय काय, कोबीचंही वाढतं.

फोनवर तू मला बंद केलंयस, म्हणून कागद. तुझ्या आईच्या खानावळीच्या पत्त्यावर टाकतेय, कारण तिथलं टपाल ती स्वतः उघडते आणि मोठ्यानं वाचते. एवढी तरी भीती तुला असू दे.

काम आधी सांगते, नाहीतर मी भलतीकडेच जाईन. दक्षिणेतल्या एका नौकानयन संघाच्या कोच प्योन यांना मी ऑगस्टमध्ये फोन केला. याआधी सहा संघांना केला होता. सगळ्यांनी आपल्या जुन्या संघाकडून माझी फाइल मागवली, आणि फाइल वाचल्यावर सगळ्यांना एकदम कामं निघाली. या बाईंनी निदान परत फोन केला. म्हणाल्या, "फाइलमध्ये एक ओळ आहे. 'ताकद आहे, इच्छाशक्ती नाही; चाचणीत मुद्दाम थांबली.' हे काय आहे?" मी म्हणाले, "खोटं आहे." त्या म्हणाल्या, "असं सगळेच म्हणतात. त्या दिवशी तिथं असलेल्या कुणाचं तरी सही केलेलं पत्र आण. पंधरा नोव्हेंबरच्या आत. मग सतराला चाचणीला ये."

त्या दिवशी तिथं तू होतीस. शेजारच्याच वल्हवण्याच्या मशीनवर.

मी तेवीस वर्षांची आहे. डिसेंबरात करार होतात. या वर्षीही बाहेर राहिले तर दोन वर्षं होतील, आणि दोन वर्षं पाण्याबाहेर राहिलेल्या वल्हेकरणीला कुणी दारात उभं करत नाही हे तूच मला सांगितलं होतंस. मला दुसरं काही येत नाही. शाळेत बारा वर्षं होते, त्यातली सहा वल्हं मारण्यात गेली. वर्गात बसल्याचं आठवतं ते फक्त फोटो काढायच्या दिवशी. म्हणून लिही. एक पान. तू मला थांबायला सांगितलंस आणि मी थांबले, एवढंच.

इथं डोंगरावर कोबी काढतेय. सगळा उतार. एकजण देठ कापतो, दुसरा झेलतो, तिसरा ट्रकवर फेकतो. मी फेकणारी. मुकादम म्हणतो, "ए वल्हेवाली, तुझा हात आहे की गोफण?" दिवसाला किती फेकते ते मोजायचं सोडून दिलंय. मोजण्याचा मला वीट आलाय.

दा-ओन

९ ऑक्टोबर, जुमुन्जिन

सू-योन,

उत्तर नाही. आईनं वाचून दाखवलं नाही की दाखवल्यावर तू मूग गिळून बसलीस? मूग गिळण्यात तुझा हात कोण धरणार.

कोबी संपला. आता बंदरावर माकळं साफ करतेय. माशांचा तुटवडा आहे, त्यामुळे काम अर्धा दिवस आणि बडबड पूर्ण दिवस. शेजारी खाम म्हणून लाओसची बाई बसते. तिला आपली भाषा निम्मी येते, पण नेमकी महत्त्वाची निम्मी येते. तिला मी सगळं सांगितलं. तुलाही परत सांगते, कारण तुला सोयीस्कर विसर पडतो.

गेल्या नोव्हेंबरातली चाचणी. दोन मशीनं शेजारी, तू खिडकीकडे, मी भिंतीकडे. चार-चार मिनिटांच्या पायऱ्या, प्रत्येक पायरी आधीपेक्षा जड. पायरी संपली की मिनिटभर थांबायचं, आणि तो चष्मेवाला चाचणीवाला कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब घेणार. किती जड गेलं ते रक्त सांगतं. आकडा वाढत वाढत दहा-बाराच्या वर गेला की माणूस आपोआप खाली पडतो. तो समजावून सांगायचा ना, की अंगात दोन इंजिनं असतात, एक हवेवर चालणारं, दुसरं हवेची वाट न बघणारं. आणि दुसरं पेटलं की रक्तात राख दिसते. मला त्याचं बोलणं आवडायचं. शाळेत असा कुणी भेटला असता तर मी कदाचित वर्गात बसले असते. असो.

पाचव्या पायरीला मी तुझ्याकडे पाहिलं. मान लाल, तोंड उघडं, हँडल छातीपर्यंत पोचत नव्हतं. कळलं की सहावीत तू पडणार. माझ्यात सातवी होती. आठवीही असेल. मी पाचवी संपवली, पाय पट्ट्यांतून सोडवले आणि म्हणाले, "बस."

तू सहावीच्या मध्यावर सुटलीस. तुझा आकडा अकरा. आणि माझा कान टोचून तो चष्मेवाला सगळ्यांसमोर वाचता झाला, "तीन पॉइंट चार." मग त्यानं पट्टी बदलली, पुन्हा टोचलं, पुन्हा वाचलं. "तीन पॉइंट चार. ही दमलेलीच नाही."

कोच माएंग आले. आठवतं ना काय म्हणाले? "काय गं, रक्त आळशी आहे की पोरगी?" सगळ्या हसल्या. तूही खाली मान घालून हसलीस, मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सायकलवरची तीस सेकंदांची चाचणी. सगळ्या उतरून बादलीत ओकत होत्या आणि माझी बादली कोरडी, कारण तिथंही मी तुझ्या आकड्याच्या एक बोट खाली राहिले. माएंगनी ती बादली उचलून सगळ्यांना दाखवली.

त्यांनी विचारलं, "का थांबलीस?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू बुटाची नाडी बांधत होतीस. नाडी बांधायला एवढा वेळ लागतो?

त्या चाचणीत तू तिसरी आलीस. त्या तिसऱ्या नंबरावर तुला आणखी एक वर्ष मिळालं, आणि त्या वर्षात गळ्यात शिट्टी. दुय्यम कोच. मला डिसेंबरात दार दाखवलं.

खामनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "पण ती दमली, थांब म्हणाली, तर तू का थांबली?" मी म्हटलं, "ती थोरली." ती म्हणाली, "मग?" ती चमचा उचलत नाही तोवर आम्ही उचलत नाही, ती बसत नाही तोवर बसत नाही, तिच्या आधी अंघोळीचं पाणी घेत नाही, हे सगळं सांगितलं. खाम म्हणाली, "जेवण ठीक आहे. जेवणात कुणी आकडा लिहीत नाही."

लिही, सू-योन. पाच आठवडे उरले.

दा-ओन

२ नोव्हेंबर, थोंगयंग

सू-योन,

आता दक्षिणेला आलेय. कालवं फोडते. बोटं कापलीत म्हणून अक्षर असं. बसस्टँडवरून इथं येताना चुकीच्या बसमध्ये बसले आणि एका देवळाच्या गावी पोचले. तिथं एक म्हातारी भाजलेली रताळी विकत होती. ती म्हणाली, "पोरी, तू कुणावर तरी चिडलीयस, रताळं चावून खा, गिळू नकोस." मी तिथंच बसून तीन खाल्ली. त्यात अर्धा दिवस गेला आणि मुकादमिणीच्या शिव्या खाल्ल्या.

तुला पत्र लिहायचं तर मी अशीच भटकते, कारण जे लिहायचंय ते लिहायची इच्छा नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं की तू मला थांबायला सांगितलंस. खामलाही तेच सांगितलं. माझ्या आईला, सहा संघांना, प्योनबाईंना. इतक्या वेळा सांगितलं की मला तुझा आवाजसुद्धा ऐकू येतो. पण परवा कालवं फोडताना मी तो आवाज नीट ऐकायचा प्रयत्न केला, आणि आवाज माझाच होता.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी आपण गावातल्या न्हाणीघरात गेलो होतो. तू माझी पाठ घासत होतीस. खरखरीत हिरव्या कापडानं, कातडी निघेस्तोवर, नेहमीसारखी. तू म्हणालीस, "पुढच्या महिन्यात एकतीस पूर्ण. पहिल्या तिघींत आले नाही तर घरी बसवतील. आईच्या दुकानात शेवया उकळेन." मी म्हणाले, "तुम्ही बसलात तर मी कुणाबरोबर वल्हवू?" तू म्हणालीस, "हात वर कर, काखेत मळ आहे."

बस्स. एवढंच बोलणं झालं. यात 'थांब' कुठं आहे? मी शंभर वेळा शोधलं. नाही.

मग मी का थांबले? तुझी दया आली म्हणून नाही, तसं मानू नकोस. आपली होडी एकेका वल्ह्याची होती. तू पुढे, मी तुझ्या पाठीमागे. माझं वल्हं उजवीकडे, तुझं डावीकडे. मी पूर्ण जोर लावला की होडी तुझ्या बाजूला वळायची. पहिल्याच महिन्यात माएंग ओरडले होते, "धाकटे, थोरलीच्या मापानं ओढ." तेव्हापासून तुझ्या पाठीकडे बघून ओढलं. चार वर्षं. किती ओढू शकते ते मला माहीतच नव्हतं, माहीत करून घ्यायची सोयही नव्हती. मशीनवर बसले तरी मान आपोआप तुझ्याकडे वळली.

आणि दुसरं. मला वाटलं, हिला कळेल. ही जन्मभर माझी मिंधी राहील. हे लिहिताना अंगाचा तिळपापड होतोय, पण खरं आहे. मी तुला तिसरा नंबर दिला आणि त्याच्या बदल्यात तू उठून एक वाक्य बोलशील असं धरून चालले. तुला न विचारता.

तरीही, ऑन्नी (खोडत नाही, राहू दे), तुला कळलं होतं. तीन पॉइंट चार ऐकल्यावर तुला कळलं. तू माझ्याबरोबर चार वर्षं बसलीस, माझा दम तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी मागितलं नाही हे खरं. पण तू नाडी बांधत राहिलीस हेही खरं. हा राग मी सोडणार नाही, तो माझ्या हक्काचा आहे.

पत्रात काय लिहायचं ते तू ठरव. पंधरा तारीख तीच.

दा-ओन

१९ नोव्हेंबर, थोंगयंग

सू-योन,

तुला कुणी सांगितलं होतं असं करायला?

हो, मीच. एकवीस सप्टेंबरला. ठाऊक आहे. पण दोन नोव्हेंबरचं पत्र तुला मिळालं नाही का? मिळालं असणार, तुझं पत्र दहा तारखेचं आहे.

सतराला मी प्योनबाईंच्या संघात गेले. बाई पन्नाशीच्या, आवाज बारीक, शिट्टी वापरत नाहीत. टेबलावर तुझं पत्र उघडं होतं. मी उलटं वाचलं. उलटं वाचायला मला शाळेतच येत होतं, मास्तरांच्या टेबलावरचे निकाल. 'मी, सू-योन, हिची थोरली म्हणून, चाचणीच्या आदल्या दिवशी तिला माझ्यापुढे जाऊ नकोस असा स्पष्ट हुकूम दिला होता. तिनं तो पाळला. दोष माझा.' सही. अंगठ्याचा लाल ठसासुद्धा. ठसा कुणी मागितला होता?

स्पष्ट हुकूम. कुठला हुकूम? काखेतला मळ?

आणि बाई म्हणाल्या, "हिनं हीच प्रत तुमच्या जुन्या कोचनाही पाठवलीय. परवा त्यांचा मला फोन आला होता. भडकलेत. तिच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली म्हणे."

म्हणजे तू आता शेवया उकळतेयस. माझ्या एका खोट्या वाक्यासाठी. मी मागितलेली गोष्ट तू दिलीस, पण ती खोटी आहे हे मी तुला लिहून कळवल्यावर दिलीस. हे कसलं देणं? गेल्या वर्षी मी न विचारता तुला दिलं, या वर्षी तू न विचारता मला दिलंस. दोघींनी मिळून एकमेकींचं वाटोळं करायचा करार केलाय का? खरं एक वाक्य लिहिलं असतंस, 'मला कळलं होतं आणि मी गप्प बसले', तर तेवढ्यानं भागलं असतं. पण ते जड. हुकूम दिला म्हणणं सोपं, त्यात निदान थोरलेपण राहतं.

चाचणीचं सांगते. तोंडावर मास्क, नाकाला चिमटा. हवेवर चालणारं इंजिन गंजलंय. ऑक्सिजनचा आकडा छप्पन्न होता तो सत्तेचाळीस आला. पाचवी पायरी संपताना डोळ्यांपुढे काजवे. सहावीत मी मनातल्या मनात तुला इतक्या शिव्या घातल्या की चार मिनिटं कशी गेली कळलं नाही. सातवीत चाळीस सेकंद. मग पडले. कान टोचला, बारा पॉइंट आठ. चाचणीवाली मुलगी म्हणाली, "ओ, श्वास घ्या, मरू नका, अजून सायकल आहे." दुसऱ्या दिवशी तीस सेकंदांच्या सायकलला मात्र त्यांच्या सगळ्या संघापेक्षा जास्त आकडा आला. बाईंनी विचारलं, "वर्षभर काय करत होतीस?" मी म्हणाले, "कोबी फेकत होते." त्यांनी ते कागदावर लिहिलं. खरंच लिहिलं.

त्यांच्या संघातली सगळ्यात थोरली शेजारच्या मशीनवर होती. माझ्या आधी पडली. मी तिच्याकडे पाहिलंच नाही, तोंड बादलीत होतं.

बाईंनी म्हटलं, "आकडे चालतील. पत्रही आहे. एक तारखेला करारावर सही करायला ये."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. तो तू खाल्लास.

दा-ओन

४ डिसेंबर, नव्या संघाचं नौकाघर

सू-योन,

एक तारखेला गेले. करार टेबलावर, पेन वर. मी बसले आणि म्हणाले, "सू-योननं लिहिलंय ते खोटं आहे. तिनं मला काही सांगितलं नव्हतं. मी आपणहून थांबले."

बाईंनी पेन उचलून खिशात घातलं. "मग तिनं का लिहिलं?"

"मी तिला लिहायला लावलं. नंतर ते खोटं आहे असं कळवलं, तरी तिनं लिहिलं."

"म्हणजे मुद्दाम थांबली ही फाइलमधली ओळ खरी."

"अर्धी. इच्छाशक्ती नाही हे खोटं."

"इच्छाशक्ती मी बघितली, बादली भरून," त्या म्हणाल्या. "तुझा दोष आळसाचा नाही. एकेका वल्ह्याची होडी उदाहरणाला घे. एकजण मनाशी ठरवून हात आखडता घेते आणि दुसरीला सांगत नाही. होडी कुठं जाते?"

"गोल."

"आणि जी दुसरी असते, तिला वाटतं आपण जोरात चाललोय. तिला तू फसवतेस. उद्या माझ्या थोरलीला फसवशील. तिला वाटेल आपण अजून ठीक आहोत आणि मी तिला आंतरप्रांतीय शर्यतीत उतरवून तिचं हसं करेन." मग त्यांनी करार खणात ठेवला. "करार देत नाही. मार्चपर्यंत राहा. होड्या धू, सराव कर, जेवण मिळेल, खोली मिळेल. मार्चमध्ये पुन्हा चाचणी. तोवर एकटीची होडी."

मी खूप भांडले. म्हणाले, खोटं बोलले असते तर करार मिळाला असता, खरं बोलल्याची ही शिक्षा? बाई म्हणाल्या, "खरं वर्षभर उशिरा बोललीस. त्याचे तीन महिने लावले. स्वस्तात सुटलीस." कुठून येतात ही असली माणसं कोण जाणे. पण राहिलेय. रोज सहाला पाण्यावर असते. पहिल्या दिवशी एकटीच्या होडीतून दोनदा पाण्यात पडले. पाणी बर्फासारखं, आणि किनाऱ्यावर सगळ्या धाकट्या पोरी हसायचं की नाही म्हणून थोरलीच्या तोंडाकडे बघत होत्या. मी ओरडले, "हसा की." मग हसल्या.

आता तुझं. तुझं पत्र मी परत मागितलं. दिलं नाही, फाइलमध्ये आलेला कागद बाहेर जात नाही म्हणे. म्हणजे माझ्या फाइलमध्ये माएंगची एक अर्धी खोटी ओळ आणि तुझं एक खोटं पान आहे. त्यांच्या खाली मी माझ्या हातानं लिहिलं: 'मला कुणी थांब म्हटलं नव्हतं. मी थांबले. सू-योनला ते कळलं आणि ती गप्प राहिली.' बाईंनी वाचून विचारलं, "शेवटचं वाक्य हवंच का?" मी म्हणाले, हवं.

त्याची नक्कल आजच माएंगना पाठवली. तू हुकूम दिला नव्हतास, एवढं त्यांना वाचावंच लागेल. गप्प राहिलीस हेही वाचतील. शिट्टी परत देतील की नाही मला ठाऊक नाही. नाही दिली तर शेवया उकळ, पण माझ्यासाठी नोकरी गेली असं दुकानात कुणाला सांगू नकोस. तुझ्या आईलाही नाही. ती हे पत्र वाचतच असेल, तर काकू, नमस्कार.

राग गेलेला नाही, तुझ्यावरचा निम्मा आणि माझ्यावरचा पूर्ण. पण माएंगचा फोन येईल. उचल. आणि ते जे विचारतील ते सगळं सांग, माझ्याबद्दल वाईट असलं तरी.

दा-ओन